बिबड्यांची राखण

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर आज सकाळी कुणीतरी जुनी साडी अंथरली. चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग एक बाई पातेलं घेऊन वर आली आणि साच्यातून कुरडया पाडायला लागली. मी लॅपटॉपसमोरून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. एरवी मी काम सोडून असा उठत नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं म्हणजे तीन दिवस मी उठायला कारणच शोधत होतो.

काम तसं फुटकळ आहे. पुण्याची एक कंपनी ज्वारी, बाजरी, नाचणीचे खाऊ बाजारात आणते आहे. त्यांना पाकिटांवरचा, जाहिरातींचा मजकूर लिहिणारा माणूस वर्षभरासाठी हवा आहे. कुणीतरी माझं नाव सुचवलं. त्यांनी कळवलं, की दीडशे शब्दांत तुमची ओळख पाठवा. तुम्हाला काय काय येतं आणि ब्रँडसाठी लिहिताना तुमची पद्धत काय असते, तेवढं सांगा. दीडशे शब्द! मी दातांच्या डॉक्टरांची ओळख लिहिली आहे, मसालेवाल्यांची लिहिली आहे, सिन्नरच्या एका पंप बनवणाऱ्याची तर इतकी बरी लिहिली की त्यानं ती फ्रेम करून ऑफिसात लावली. आता स्वतःवर आलं तर हात लुळे पडले आहेत.

तरी काल एक मसुदा झाला होता. ‘मी एक सर्जनशील व परिणामकारक लेखक असून, ब्रँडचा अस्सल आवाज ओळखून ग्राहकांच्या हृदयाला भिडणारा मजकूर लिहिणे ही माझी खासियत आहे.’ माझी बायको राजश्री शाळेत मराठी शिकवते. तिनं चहा पिता पिता ते वाचलं आणि विचारलं, “हे तू लिहिलंस की बँकेनं?”

मी रागावलो. राग आला तो ती बरोबर बोलली म्हणून. आमच्यासारख्या सुट्या कामांवर जगणाऱ्या माणसाला वर्षभराचं एक काम मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि ते या दीडशे शब्दांवर अडलं आहे.

समोरच्या बाईनं कुरड्यांची पहिली रांग संपवली होती. एक कावळा टाकीवर येऊन बसला. तिनं “हाऽड!” केलं आणि तो उडाला नाही. माझा हात आपोआप उंचावला, काठी धरल्यासारखा. त्या हाताला अजून आठवत होतं.

*

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये होतो. आलेला माल मोजायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, रॅकवर ठेवायचा. अक्षर बरं म्हणून पाट्या रंगवायचं कामही माझ्याकडेच यायचं. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या खात्यात एक जुनी पाटी होती, ‘सुरक्षिततेच्या नियमांचे काटेकोरपणे पालन करावे.’ ती कुणी वाचत नसे. भिंतीचा भाग झाली होती. ती पुसट झाल्यावर साळुंके साहेबांनी पुन्हा रंगवायला सांगितली, आणि मी कुणाला न विचारता तिथे लिहिलं, ‘दहा बोटं घेऊन आलात. दहा घेऊन घरी जा.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं तिथे थांबून, हात वर करून, खरोखर बोटं मोजत हसत होती. साळुंके साहेब आधी चिडले, मग तेही मोजायला लागले.

त्या पाटीनं माझं वाटोळं केलं असं माझी आई अजून म्हणते. कारण त्यानंतर मला वाटू लागलं, की आपल्याला हेच येतं. दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. साळुंके साहेब समजूतदार माणूस. म्हणाले, “आखाजीपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. त्याच्यापुढं मला वरचे विचारतील.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मीही मनाशी ठरवलं, की आखाजीच्या आत असं एक तरी गिऱ्हाईक मिळालं पाहिजे जे दुसऱ्यांदा माझ्याकडे येईल. ओळखीपाळखीनं पहिलं काम कुणीही देतं. दुसऱ्यांदा कुणी आलं, तर मी लिहिणारा. नाहीतर मुकाट्यानं परत स्टोअर.

माघ गेला, फाल्गुन गेला. कामं चार आली आणि चारही माणसं एकदाच आली. चैत्र लागला. रस्त्यावरचे कडुनिंब फुलले, सकाळी कोवळं आणि नवानंतर रणरणतं असं ऊन पडू लागलं. अंबडमागच्या कॉलनीत घराघरांच्या गच्च्यांवर वाळवणं दिसू लागली. ती कॉलनी सगळी कामगारांची, निम्मीअधिक घरं बागलाण, मालेगाव, धुळ्याकडून आलेली. भोंगा वाजला की पुरुष बाहेर पडायचे आणि बायका वर चढायच्या. खालून कारखान्यांच्या तेलाचा वास आणि वरून आंबलेल्या ज्वारीचा. हे दोन वास एकत्र आले की मला आजही ते दिवस जसेच्या तसे दिसतात.

मंगलाक्का त्याच कॉलनीत राहायच्या. आमच्या कारखान्यातल्या एका फिटरची बायको. पन्नाशीच्या, बागलाणातल्या, आवाज असा की दोन गच्च्या पलीकडच्या बाईशी फोनशिवाय बोलता यावं. त्या आणि गल्लीतल्या तिघीजणी मिळून ज्वारीची बिबडी करायच्या. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी भिजवून आंबवायची, वाळवून भरडायची, मग ते पीठ तीळ, लसूण, मिरची, जिरं घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि गरम गरम असतानाच ओल्या कापडावर हातानं थापायचं. चांगलं कडक ऊन दिलं की वर्षभर टिकतं. तळा नाहीतर भाजा.

त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी बाहेर विकायचं ठरवलं होतं. गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात बचत गटांचं प्रदर्शन होतं, आखाजीच्या आधीचे तीन रविवार. पाकिटावर चिकटवायला छापील कागद हवा होता. मंगलाक्कांनी मला बोलावून घेतलं. “भाऊ, तू पाट्या लिहितोस ना? आमची पन एक लिहून दे.”

मी घरी आलो, दार लावून घेतलं आणि दोन तासांत लिहून टाकलं. ‘ज्वारीचे कुरकुरीत पापड. आजीच्या हातची अस्सल चव!’ गंगापूर रोडच्या गिऱ्हाइकाला बिबडं म्हणजे काय ते कळणार नाही, पापड कळेल, असा माझा हिशोब. आणि आजी म्हटलं की माणूस हळवा होतो, हा दुसरा. मला तेव्हा वाटलं होतं की यालाच धंद्याची समज म्हणतात.

पहिल्या रविवारी सगळी पाकिटं खपली. मी राजश्रीला सांगितलं, जमलं म्हणून. साळुंके साहेबांना फोन करून नाही म्हणावं असंसुद्धा मनात आलं होतं. नशीब, केला नाही.

दुसऱ्या रविवारी तीच गिऱ्हाइकं परत आली, आणि हातात उघडलेली पाकिटं घेऊन आली. एक बाई म्हणाल्या, “अहो, हे कसले पापड? इतके जाड?” दुसऱ्यांचं म्हणणं, एकही गोल नाही, कडा बघा कशा वाकड्यातिकड्या. एका काकांनी तर पाकिटावरचं ‘पापड’ बोटानं दाखवून विचारलं, “तुम्हाला लाटता येत नाहीत का?”

जिचा आवाज दोन गच्च्या ओलांडतो ती बाई गप्प बसून राहिली, हे मला आजही टोचतं. दुपारी त्यांनी उरलेली पाकिटं पिशवीत भरली आणि एक पाकीट माझ्यासमोर धरलं.

“हे काय लिवलंय?”

“पापड.”

“पापड लाटत्यात, भाऊ. बिबडं थापत्यात. आम्ही कधी पापड केला? लोकान्ला वाटलं आमचा पापड बिघडला. बिघडला नाय. तो पापडच नाय.”

त्यांनी पाकीट उलटं केलं, परत सुलटं केलं.

“आन ही आजी कोन?”

“आं?”

“आजीच्या हातची चव. कोनाची आजी? माझी आजी तर रानात जायची, तिनं जल्मात बिबडं थापलं नाय. मला शेवंताच्या सासूनं शिकवलं. मग ही आजी कुठून आनली तू?”

आजी मी कुठूनच आणली नव्हती. ती आयतीच होती, सगळ्यांच्या पाकिटांवर असते तशी. मी म्हटलं, “अक्का, माझं चुकलं. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.” मनात साळुंके साहेबांचा नंबर घोळत होता. आखाजीला दहा दिवस उरले होते.

“दुसरा कोन हाय इथं?” त्या म्हणाल्या. “उद्या गच्चीवर ये. मानूस कमी हाय. राखन कर. मंग लिव्ह.”

*

राखण हे खरं तर पोराटोरांचं काम. मी तिशीतला बाप्या, नाकावर चष्मा, डोक्याला राजश्रीची ओढणी गुंडाळून, लांब काठीला काळी पिशवी बांधून टाकीच्या सावलीत बसलो. खालून जाणारे माझे जुने सहकारी हाका मारायचे, “काय रे, प्रमोशन झालं का?” मी काठी हलवून दाखवायचो.

राखण करताना दुसरं काही करता येत नाही. वाचता येत नाही, कारण वाचायला लागलं की चिमण्यांना लगेच कळतं. फोन बघता येत नाही, कारण उन्हात दिसतच नाही. मग नुसतं बघायचं आणि ऐकायचं. पहिला दिवस मी कंटाळलो. दुसऱ्या दिवशी मला दिसायला लागलं.

चौघीजणी चार कोपऱ्यांतून थापत यायच्या आणि मध्ये भेटायच्या. मंगलाक्का, शेवंता, सुनंदा आणि मालेगावच्या शकीलाभाभी. पीठ इतकं गरम की वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवायची, चटकन थापायचं, परत बुडवायची. बोटं लाल व्हायची. तोंडं मात्र चालूच. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या पोराचं ॲडमिशन कुठे, आखाजीला कुणाची लेक माहेरी येणार, झोका कुठल्या झाडाला बांधायचा, कारण कॉलनीत आता धड झाडच उरलं नव्हतं. शकीलाभाभी म्हणायच्या, “हमारे छतपे बांधो, लोहे का अँगल है, हाथी भी झूलेगा.” मग सगळ्या अंगानं भरलेल्या सुनंदाकडे बघून हसायच्या, आणि सुनंदा ओल्या बोटांनी त्यांच्यावर पाणी उडवायची.

तिसऱ्या दिवशी मला ओळखता यायला लागलं, कुठलं बिबडं कुणाचं. शेवंताचं पातळ आणि मोठं. शकीलाभाभींचं लहान, पण मध्ये-कडेला सारखंच. सुनंदाला घाई, तिचं एका बाजूला निमुळतं. मंगलाक्कांच्या बिबड्याच्या कडेला तीन बोटं सगळ्यात स्पष्ट उमटलेली असायची, कारण त्या शेवटी कडा जोरानं दाबायच्या. “कडा नाय दाबली तर वाळताना चिरते,” त्या म्हणाल्या. म्हणजे ज्या वाकड्या कडेवरून काकांनी त्यांना ऐकवलं होतं, ती कडा मुद्दाम तशी होती. गंगापूर रोडच्या त्या काकांना हे सांगणारं कुणी नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी तिथे आजी लिहून बसलो होतो.

चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. वैशाखाआधीचं ते अवकाळी, कधी नुसतं घाबरवतं, कधी खरंच पडतं. “उचला गं!” अशी हाक झाली आणि पाचही जण धावलो. ओली बिबडी कापडासकट चार टोकांनी उचलायची, मध्ये झोळी होऊ द्यायची नाही, म्हणून हात ताणून, खेकड्यासारखं आडवं चालत जिन्यातून खाली यायचं. माझा पाय सटकला, पण कापड सोडलं नाही. चार थेंब पडले आणि ऊन परत आलं. एका कोपऱ्यातली बिबडी तेवढी चिकटून एकमेकांत गेली होती.

ती आम्ही तिथेच जिन्यात बसून खाल्ली. अर्धवट ओलं बिबडं, वर कच्चं तेल, मूठभर शेंगदाणे. आंबट, तिखट, कडेला जरा चिवट आणि मध्ये मऊ. मी खात होतो आणि सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं होतं असं मी सांगितलं. मिरचीचं नव्हतं. आपल्याला काय आवडतं हे बोलून दाखवता यावं, एवढ्यासाठी मी नोकरी सोडली होती, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी खरोखर आवडलं होतं.

त्याच जिन्यात, गुडघ्यावर वही ठेवून, मी लिहिलं. ‘हे बिबडं आहे. पापड लाटतात, बिबडं थापतात. म्हणून ते जाड असतं आणि गोल नसतं. कडेला बोटं उमटलेली दिसतील. ती मंगलाक्कांची आहेत.’

वाचून दाखवलं. मंगलाक्कांनी पदराला बोटं पुसली. मग म्हणाल्या, “समदं बराबर हाय. शेवटचं खोटं हाय.”

“का? तुमचीच बोटं ना?”

“एकटीची नाय ना. शेवंताची हायेत, सुनंदाची हायेत, भाभीची हायेत. आजी पुसून माझी एकटीची बोटं लावतोस व्हय?”

मला मुद्दा कळला. मी चौघींची नावं घातली. शकीलाभाभींनी आपलं नाव दोनदा वाचायला लावलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. छापून आणलेले नवे कागद आम्ही जुन्यांवर चिकटवले. राजश्रीही आली होती, शाळेतून थेट. तिनं ‘आजी’वर नीट दाबून कागद बसवला.

तिसरा रविवार. टेबलावर एक मोठी पाटीही ठेवली होती, माझ्या हातानं रंगवलेली, एकच शब्द, ‘बिबडं’. माणसं थांबून विचारायची, हे काय असतं? आणि मंगलाक्कांचा आवाज परत आला होता, कुणाचं बिबडं कसं असतं तेही त्या सांगायच्या. पाकीट उलटंसुलटं करून लोक कडेवरची बोटं शोधायचे. एक मुलगी म्हणाली, “आई, हे सुनंदाचं आहे,” आणि सुनंदा टेबलामागे लाजून लालबुंद.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात भाजीची पिशवी. ते पुढे निघून गेले होते. मग थांबले, मागे वळले आणि पाटीसमोर येऊन उभे राहिले. ओठ हलत होते. तीन अक्षरं ते सावकाश वाचत होते.

“बिबडं शे का हाई?” त्यांनी गावाकडच्या बोलीत विचारलं.

“शे ना, बाबा!” मंगलाक्का म्हणाल्या.

त्यांनी पाकीट हातात घेतलं, पण बघत होते पाटीकडेच. मला म्हणाले, “नाशकात येऊन चाळीस वर्षं झाली मला. हा शब्द घरातच बोलायचो. लिवलेला आज पाह्यला.” पाकीट घेऊन ते गेले, आणि अर्ध्या तासानं आपल्या बायकोला रिक्षातून घेऊन आले, पाटी दाखवायला.

संध्याकाळी आवराआवर करताना मंगलाक्का म्हणाल्या, “भाऊ, कुरडयाचं पन लिवून दे. पन आधी राखनीला ये.”

दुसऱ्यांदा! मी तिथेच, खुर्च्या उचलता उचलता, साळुंके साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “बरं झालं. तुझ्या जागेवर तात्पुरता घेतलेला पोरगा पाट्यांवर ‘पालन करावे’ लिहितो. कधीमधी येऊन सांगत जा त्याला.” आखाजीला त्या वर्षी झोका शकीलाभाभींच्या गच्चीवर लागला. माझ्या वजनानं लोखंडी अँगलला काही झालं नाही, हे मी स्वतः बसून पाहिलं.

*

त्याला आता सहा-सात वर्षं झाली. गॅलरीत उभा राहून मी हे सगळं आठवत होतो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. मंगलाक्काच. दर वर्षी चैत्रात त्यांचा फोन येतोच.

“भाऊ, उद्यापास्नं थापतोय. येतो ना राखनीला?”

“येतो की. पण एक लिहायचं अडलंय, अक्का.”

“कोनाचं?”

“माझंच. पुण्याच्या लोकांना माझी ओळख पाठवायची आहे.”

“वाच.”

मी वाचलं. सर्जनशील, परिणामकारक, अस्सल आवाज, हृदयाला भिडणारा, सगळं. पलीकडे पातेल्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

“झालं?”

“झालं.”

“भाऊ,” मंगलाक्का म्हणाल्या, “परत आजी आनलीस का रे?”

मी गॅलरीतच इतका मोठ्यानं हसलो, की समोरची बाई कुरडया पाडायची थांबली. तिच्या टाकीवरचा कावळा मात्र उडाला.

आत येऊन सगळं पुसलं आणि एका बैठकीत लिहिलं. ‘मी नाशिकला राहतो. पाकिटांवर, पाट्यांवर, जाहिरातींत लिहितो. पूर्वी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो, त्यामुळे वस्तू हातात घेतल्याशिवाय तिला चिठ्ठी बांधत नाही. एकदा बिबड्याला पापड म्हणण्याची चूक केली आहे. ती पुन्हा करणार नाही. लिहिण्याआधी मी काही दिवस राखणीला बसतो. म्हणजे तुमचं काम जिथे चालतं तिथे बसून बघतो, ऐकतो आणि पाखरं हाकतो. वस्तूला तिचं घरातलं नाव असेल तर मी तेच लिहितो. माझ्या मजकुराच्या कडेला बोटं उमटलेली दिसतील. ती सगळी माझी नसतात.’

मोजले नाहीत, पण दीडशेच्या आतच आहेत. राजश्री शाळेतून आल्यावर तिला दाखवलं. तिनं उभ्यानं वाचलं, एक ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि म्हणाली, “पाठव.”

दुसऱ्या दिवशी मी अंबडच्या गच्चीवर ओढणी गुंडाळून बसलो होतो, काठी मांडीवर. मंगलाक्कांना आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्या स्टुलावर बसून थापतात. कडा मात्र अजून तीन बोटांनीच दाबतात. दहाच्या सुमारास फोन थरथरला. हाताची सावली करून वाचलं. पुण्याहून उत्तर आलं होतं, ‘ओळख आवडली. कधीपासून सुरू करू शकाल?’

चिमण्या उतरतच होत्या. मी एका हातानं काठी फिरवली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहिलं, ‘आखाजीनंतर. सध्या राखण आहे.’